मोटारगाडीच्या चाकांची रंगनिवड

मोटारगाडीच्या चाकांची रंगनिवड म्हणजे कारखान्यातून आलेल्या चाकांना नवा रंग देताना, किंवा बाजारातून वेगळी चाके विकत घेऊन बसवताना, त्यांच्या रंगाविषयी व पृष्ठभागाच्या स्वरूपाविषयी घेतला जाणारा निर्णय होय. स्पोर्ट्स कार, म्हणजेच वेग व चपळ हाताळणी यांसाठी बनवलेली मोटारगाडी, हिच्या संदर्भात या विषयाची चर्चा सर्वाधिक होते. भारतात मात्र हा प्रश्न मुख्यतः हॅचबॅक, सेडान आणि एसयूव्ही या प्रकारच्या गाड्यांच्या मालकांपुढे येतो.

चाकाचा रंग हा वरवर पाहता केवळ आवडीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात तो गाडीचा भार वाहणाऱ्या भागावरील संरक्षक थर असतो. तो कोणत्या पद्धतीने दिला, किती उष्णतेवर भाजला आणि कोठे लावायचा टाळला, यांवर चाकाचा टिकाऊपणा व प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून असते. तसेच एकच रंग सर्व प्रदेशांत सारखा उपयुक्त ठरत नाही. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत काळ्या मातीची धूळ, कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी, उन्हाळ्यातील कडक ऊन आणि वारंवार उद्भवणारी पाणीटंचाई हे घटक या निवडीवर थेट परिणाम करतात.

## संज्ञा

बैलगाडीच्या चाकासाठी मराठीत तुंबा (मधला भाग), आरे (तुंब्यापासून परिघाकडे जाणाऱ्या काड्या) आणि धाव (परिघावरील लोखंडी पट्टी) असे शब्द आहेत. मोटारगाडीच्या चाकाबाबत हब, स्पोक आणि रिम हे इंग्रजीतून आलेले शब्द रूढ झाले. ज्यावर टायर बसतो त्या धातूच्या भागाला बोलीत 'रिम' किंवा 'डिस्क' म्हणतात. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूपासून ओतलेल्या चाकाला 'अलॉय व्हील' आणि महाराष्ट्रात, विशेषतः दुचाकींच्या बाबतीत, 'मॅगव्हील' असे म्हटले जाते. 'मॅग' हे मॅग्नेशिअमचे संक्षिप्त रूप आहे. सुरुवातीच्या काळात शर्यतीच्या गाड्यांची हलकी चाके मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूची असत. आज रस्त्यावर दिसणारी बहुतेक चाके ॲल्युमिनिअमची असली, तरी जुने नाव टिकून राहिले आहे.

पोलादी चाकावर बसवलेल्या प्लास्टिकच्या झाकणाला 'व्हील कॅप' किंवा 'व्हील कव्हर' म्हणतात. दुरून ते मिश्रधातूच्या चाकासारखे दिसते. कमी किमतीच्या गाड्यांत ही रचना सर्रास आढळते.

## इतिहास

प्रारंभीच्या मोटारगाड्यांची चाके लाकडी आऱ्यांची किंवा तारांच्या आऱ्यांची असत. लाकडी चाकांना बहुधा गाडीच्या सांगाड्याचाच रंग दिला जाई. फ्रान्समधील बुगाटी कंपनीने १९२४ साली आपल्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या गाडीसाठी ॲल्युमिनिअमची ओतीव चाके वापरली. ब्रेकचा ड्रम चाकातच अंतर्भूत असलेली ही चाके मिश्रधातूच्या चाकांच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानली जातात. धातूचा मूळ रुपेरी रंग हाच चाकाचा रंग होण्याची परंपरा अशा चाकांपासून रूढ झाली.

१९६६ साली पोर्श कंपनीने '९११ एस' या गाडीला 'फुक्स' नावाने ओळखली जाणारी घडीव ॲल्युमिनिअमची चाके दिली. आऱ्यांच्या मधला भाग काळा आणि कडा चकचकीत, ही त्यांची रंगयोजना पुढे अनेकांनी उचलली. याच कंपनीच्या १९७२ सालच्या '९११ कॅरेरा आरएस २.७' या गाडीत पांढऱ्या अंगावरील अक्षरपट्टी व चाके एकाच रंगात, म्हणजे निळ्या, लाल किंवा हिरव्या रंगात, उपलब्ध होती. चाकाचा रंग गाडीच्या इतर खुणांशी जुळवण्याचे हे ठळक उदाहरण होय.

सोनेरी चाकांना मोटार शर्यतींनी लोकप्रियता मिळवून दिली. लोटस संघाने १९७२ पासून फॉर्म्युला वन शर्यतींत काळी-सोनेरी रंगयोजना वापरली. अमेरिकेत पाँटिॲक कंपनीच्या काळ्या 'ट्रान्स ॲम' गाडीवरील सोनेरी खुणा व चाके १९७० च्या दशकात चित्रपटांमुळे घरोघरी माहीत झाली. १९९० च्या दशकात जागतिक रॅली स्पर्धेतील सुबारू इम्प्रेझा गाडीची निळी काया व सोनेरी चाके ही जोडी इतकी गाजली, की कंपनीच्या रस्त्यावरील गाड्यांवरही ती आली. लान्सिया डेल्टा या रॅलीच्या गाडीने पांढरी चाके प्रसिद्धीस आणली. एकविसाव्या शतकात काळ्या व गडद करड्या चाकांचे प्रमाण वाढत गेले.

## भारतात आणि मराठवाड्यात

भारतात दीर्घकाळ गाड्यांना पोलादी चाकेच असत. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांच्या गाड्या आल्या आणि महागड्या आवृत्त्यांवर मिश्रधातूची चाके दिसू लागली. मुंबई हे गाड्यांच्या बाह्यरूपात बदल करण्याचे जुने केंद्र आहे. तेथील वाहनरचनाकार दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती' ही भारतीय बनावटीची स्पोर्ट्स कार सादर केली. टाटा मोटर्सने २०१९ साली 'हॅरिअर' या गाडीची 'डार्क' आवृत्ती काळ्या चाकांसह बाजारात आणली. त्यानंतर इतर कंपन्यांनीही संपूर्ण काळ्या रंगयोजनेच्या आवृत्त्या काढल्या. त्यामुळे पूर्वी बाहेरून करून घेतला जाणारा बदल कारखान्यातूनच मिळू लागला.

मराठवाड्यात वाहन उद्योगाचे केंद्र छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे आहे. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना आणि वाहनांसाठी ॲल्युमिनिअमचे ओतीव भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालय आहे. शेंद्रा येथे स्कोडा कंपनीने २००१ साली 'ऑक्टाव्हिया' गाडीची जुळणी सुरू केली. २०१० साली याच शहरातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी केल्याची घटना देशभर चर्चिली गेली होती.

नांदेड (नोंदणी संकेतांक एमएच-२६) आणि लातूर (एमएच-२४) ही मराठवाड्याच्या दक्षिण-पूर्व भागातील दोन प्रमुख शहरे आहेत. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेडमार्गे नागपूरजवळील बुटीबोरीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ त्यांना जोडतो. महामार्गावरील वेगवान प्रवास आणि गावाकडे जाणारे मातीचे किंवा उखडलेले रस्ते, असा दुहेरी वापर येथील बहुतेक गाड्यांचा होतो. चाकाच्या रंगाचा विचार करताना ही दुहेरी परिस्थिती लक्षात घ्यावी लागते.

## रंग देण्याच्या पद्धती

चाकाचा दिसणारा रंग आणि तो देण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच काळा रंग पुढीलपैकी कोणत्याही पद्धतीने देता येतो, पण त्याचे आयुष्य निरनिराळे असते.

* द्रवरूप रंग – पृष्ठभाग घासून त्यावर प्रायमर, रंग आणि पारदर्शक लेप असे थर फवाऱ्याने देतात. डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये हे काम होऊ शकते. रंगछटांची विविधता हा याचा मोठा फायदा आहे. खडे लागून टवके उडणे ही त्याची मर्यादा होय.
* पावडर कोटिंग – विद्युतभारित भुकटी चाकावर फवारून भट्टीत साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. भुकटी वितळून एकसंध थर तयार होतो. हा थर जाड व चिवट असतो. लोखंडी फर्निचर व खिडक्यांच्या जाळ्यांसाठीही हीच पद्धत वापरली जाते.
* डायमंड कट – चाकाचा दर्शनी भाग यंत्रावर बारीक तासून धातूची चकाकी उघडी ठेवतात व त्यावर पारदर्शक लेप देतात. खोलगट भाग बहुधा काळे किंवा करडे असतात. लेपाला ओरखडा पडल्यास ओलावा आत शिरतो आणि लेपाखाली पांढऱ्या धाग्यांसारखे गंजाचे जाळे पसरते. पुन्हा तासण्याने दर वेळी धातू कमी होत असल्याने ही दुरुस्ती मोजक्याच वेळा करता येते.
* क्रोम मुलामा – विद्युत प्रक्रियेने क्रोमिअमचा चकचकीत थर चढवतात. थर सुटू लागल्यास त्याचे पातळ, धारदार पापुद्रे निघतात. मुलामा देण्याच्या पारंपरिक प्रक्रियेतील षट्संयुजी क्रोमिअम आरोग्याला घातक आहे.
* रबरी लेप – फवाऱ्याने दिला जाणारा व सालीसारखा सोलून काढता येणारा लेप. रंग आवडतो का हे पाहण्यासाठी तो स्वस्त पर्याय आहे. पेट्रोल-डिझेलच्या थेंबांनी तो मऊ पडतो आणि दीर्घकाळ ठेवल्यास सोलणे अवघड जाते.

## दृश्य तत्त्वे

गडद रंगाचे चाक काळ्या टायरमध्ये मिसळून जाते. त्यामुळे ते प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते व आऱ्यांची नक्षी अस्पष्ट होते. फिकट रंगाच्या चाकाची कडा टायरपासून स्पष्ट वेगळी दिसते, म्हणून ते मोठे भासते. लहान व्यासाच्या चाकाला फिकट रंग आणि मोठ्या व्यासाच्या चाकाला गडद रंग खुलतो, असा सर्वसाधारण अनुभव यामुळेच येतो.

गाडीचा रंग आणि चाकाचा रंग यांचे नाते तीन प्रकारे जुळवले जाते. पहिला प्रकार विरोधाचा आहे, उदाहरणार्थ पांढऱ्या गाडीला काळी चाके. दुसरा सातत्याचा आहे, उदाहरणार्थ करड्या गाडीला गडद करडी चाके. तिसऱ्या प्रकारात चाकाला गाडीवरील एखाद्या लहान भागाचा रंग दिला जातो, जसे की छत, आरसे किंवा अक्षरपट्टी. रंगांच्या उष्ण व शीत गटांचाही विचार केला जातो. निळ्या व हिरव्या गाडीवर सोनेरी किंवा ब्राँझ चाके उठून दिसतात, कारण शीत रंगाच्या शेजारी उष्ण रंग अधिक तेजस्वी भासतो. लाल गाडीवर तोच सोनेरी रंग अनेकांना भडक वाटतो, तर रुपेरी किंवा गडद करडा रंग संयत दिसतो.

आऱ्यांमधून ब्रेक दिसत असल्याने त्यांचाही विचार करावा लागतो. गडद चाकांमागे लाल किंवा पिवळा ब्रेक कॅलिपर ठळक होतो. भारतातील अनेक लहान गाड्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात. विरळ आऱ्यांच्या फिकट चाकांमागे मागील ड्रमवरचा गंज उघडा पडतो. काळ्या किंवा दाट आऱ्यांच्या चाकांत तो झाकला जातो.

## प्रचलित रंग व त्यांचे गुणदोष

* रुपेरी – सर्वांत प्रचलित. सुकलेली धूळ कमी उठून दिसते आणि लहान ओरखडे लक्षात येत नाहीत. कोणत्याही रंगाच्या गाडीला चालतो. वेगळेपणा नसल्याची तक्रार केली जाते.
* गडद करडा (गन मेटल) – ब्रेकची भुकटी व मातीची धूळ दोन्ही झाकतो. चमक असल्याने चाकाची नक्षीही दिसते.
* चकचकीत काळा – नवा असताना आकर्षक दिसतो. सुकलेली धूळ, पाण्याचे डाग आणि पुसताना पडलेले सूक्ष्म ओरखडे यांवर सर्वाधिक दिसतात.
* मंद (मॅट) काळा – चमक नसल्याने ओरखडे तुलनेने कमी दिसतात. मात्र तो पॉलिश करता येत नाही आणि तेलकट डाग त्यात मुरतात.
* पांढरा – रॅलीच्या गाड्यांमुळे प्रसिद्ध. ब्रेकमधून निघणारे लोखंडाचे कण त्यावर चिकटून गंजतात व तपकिरी ठिपके उमटतात. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार अधिक असल्याने ती मागच्या चाकांपेक्षा लवकर मळतात व चारही चाकांची छटा वेगळी दिसू लागते.
* ब्राँझ व सोनेरी – मातीच्या रंगाशी जवळीक असल्याने धूळ कमी जाणवते. गाडीचा रंग पाहूनच निवडावा लागतो.
* लाल, निळा, हिरवा इत्यादी भडक रंग – उन्हाने उडण्याची शक्यता असते, विशेषतः पारदर्शक लेप हलक्या प्रतीचा असल्यास. एकाच चाकाची दुरुस्ती झाल्यास नेमकी छटा जुळवणे कठीण जाते.

## नांदेड-लातूर परिसरातील परिस्थिती

### माती आणि धूळ

दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, चिकण माती (रेगूर) या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली आहे. ओली असताना ती चाकाला घट्ट चिकटते. सुकल्यावर तिचा रंग फिकट होऊन करडी-तपकिरी धूळ बनते. त्यामुळे काळी माती काळ्या चाकावर दिसत नाही हा समज फसवा आहे. सुकलेली धूळ चकचकीत काळ्या चाकावरच सर्वांत आधी दिसते. लातूर जिल्ह्यातील उदगीरकडून बीदरच्या पठाराकडे जाताना जांभा खडक व तांबडी माती लागते. तेथील चिखलाचे डाग रुपेरी व पांढऱ्या चाकांवर ठळक उमटतात. दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीसाठी गडद करडा किंवा ब्राँझ हे मध्यम छटेचे रंग सोयीचे ठरतात.

आऱ्यांच्या मागील बाजूस एकाच ठिकाणी चिखल सुकून बसल्यास चाकाचा तोल बिघडतो आणि विशिष्ट वेगाला सुकाणू थरथरते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीत अशी थरथर जाणवल्यास चाकाची आतील बाजू आधी स्वच्छ करून पाहिली जाते.

### पाणी

लातूर शहराला मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरणातून पाणीपुरवठा होतो. सलग दुष्काळामुळे हे धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. 'जलदूत' या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीच्या पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले होते. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागते, तेथे दररोज धुतल्याशिवाय चांगला न दिसणारा रंग निवडणे ही केवळ खासगी हौस राहत नाही. धूळ झाकणारा रंग निवडल्यास धुण्याची वारंवारता कमी होते. उन्हाळ्यात चाके नळीऐवजी बादलीभर पाणी व दोन फडकी वापरून स्वच्छ करता येतात. एक फडके ओल्या पुसण्यासाठी व दुसरे कोरडे करण्यासाठी ठेवले जाते.

बेसाल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार विरघळलेले असतात. तापलेल्या चाकावर असे पाणी सुकले, की पांढरे डाग उरतात. ते चकचकीत काळ्या रंगावर सर्वाधिक दिसतात. असे डाग घालवण्यासाठी फरशी धुण्याचे ॲसिड वापरले जाते, पण ते लेपाच्या चिरांतून ॲल्युमिनिअमपर्यंत पोहोचून धातू खाते. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनिअमला तितकाच घातक आहे.

### ऊन आणि उष्णता

या भागात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात उभ्या गाडीची गडद चाके फिकट चाकांपेक्षा अधिक तापतात. तरीही 'काळ्या चाकांमुळे ब्रेक तापतात' हा समज बरोबर नाही. ब्रेकची उष्णता मुख्यतः वाहत्या हवेमुळे निघून जाते, तर काही भाग अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. अवरक्त किरणांच्या बाबतीत काळा व पांढरा रंग जवळजवळ सारखेच वागतात. दोन्हींची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते. उलट, रंग न दिलेल्या चकचकीत ॲल्युमिनिअमची उत्सर्जकता ०.१ पेक्षाही कमी असते. म्हणजे या बाबतीत फरक काळ्या-पांढऱ्याचा नसून रंगवलेल्या व न रंगवलेल्या पृष्ठभागाचा आहे.

ऊन्हाचा खरा परिणाम लेपावर होतो. अतिनील किरणांमुळे हलक्या प्रतीचा पारदर्शक लेप पिवळट पडतो किंवा त्याचे पापुद्रे निघतात. सतत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी म्हणूनच रंगछटेपेक्षा लेपाची प्रत अधिक महत्त्वाची ठरते.

### रस्ते

काळी माती पाणी शोषून फुगते व सुकताना आकसून भेगाळते. या हालचालीमुळे तिच्यावर बांधलेले रस्ते उंचसखल होतात व खड्डे पडतात. मोठ्या व्यासाच्या चाकाला कमी उंचीचा टायर बसवल्यास खड्ड्याचा आघात थेट धातूवर येतो. पोलादी चाक अशा वेळी वाकते, तर ओतीव ॲल्युमिनिअमच्या चाकाला तडा जाऊ शकतो.

### पूजा व सण

दसऱ्याला आणि नवीन गाडी घेतल्यावर वाहनाची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवण्याची व हळद-कुंकू वाहण्याची प्रथा आहे. हळदीतील रंगद्रव्य पांढऱ्या व मॅट लेपात मुरून डाग पडतो. लिंबाचा रस लेप उडालेल्या उघड्या धातूवर डाग पाडतो. हळद-कुंकू टायरच्या रबरावर लावल्यास अथवा त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

## सुरक्षितता

मिश्रधातूची बहुसंख्य चाके सुमारे ७ टक्के सिलिकॉन व अल्प मॅग्नेशिअम असलेल्या ॲल्युमिनिअमपासून ओतली जातात. ओतल्यावर त्यांना सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि नंतर सुमारे १५० ते १६० अंशांवर काही तास ठेवून मजबुती आणतात. ही मजबुती उष्णतेतूनच आलेली असल्याने चुकीच्या उष्णतेने ती जातेही. पावडर कोटिंगच्या भट्टीत थोडा वेळ ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मात्र तापमानावर नियंत्रण नसलेल्या भट्टीत दीर्घकाळ ठेवणे, पुनःपुन्हा भाजणे किंवा जुना रंग गॅसच्या ज्वाळेने जाळून काढणे यांमुळे चाक मऊ पडू शकते. असा दोष बाहेरून दिसत नाही.

रंग देताना पुढील गोष्टींची काळजी घेतली जाते :

* नटांची बैठक व हबचा पृष्ठभाग – जेथे नट टेकतात आणि जेथे चाक हबला चिकटते, त्या जागा झाकून ठेवाव्या लागतात. तेथे रंगाचा जाड थर राहिल्यास तो गाडी चालू लागल्यावर दबतो व नटांची पकड सैल होते. चाक बसवल्यानंतर ५० ते १०० किमी अंतराने नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासतात.
* तड्यांची तपासणी – जुना रंग काढल्यावर आणि नवा देण्यापूर्वीची वेळ चाक तपासण्यासाठी सर्वांत योग्य असते. खड्ड्यात आपटून वाकलेले वा तडा गेलेले चाक ठोकून, वेल्डिंग करून व वर जाड रंग देऊन विकल्याचे प्रकार घडतात. नवीन रंगाची जुनी चाके घेताना आतील बाजू पाहणे म्हणूनच आवश्यक असते. फिकट रंगावर बारीक तडा लवकर दिसतो, काळ्यावर तो लपतो.
* तोल – रंगवल्यानंतर टायर बसवून चाकाचा तोल पुन्हा साधावा लागतो.

बाजारात नामांकित चाकांच्या हुबेहूब प्रतिकृतीही मिळतात. प्रवासी मोटारगाडीच्या चाकांच्या चाचण्यांसाठी भारतीय मानक 'आयएस ९४३६' आहे. जपानी पद्धतीनुसार चाचणी झालेल्या चाकांवर 'जेडब्ल्यूएल' ही खूण कोरलेली असते. चाकाची भारक्षमता, व्यास, रुंदी व ऑफसेट हे आकडे आतील बाजूस असतात. रंग देताना ते झाकले जाऊ नयेत, अशी अपेक्षा असते.

## कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गाडीच्या कायेचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असतो. तो बदलण्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. चाकांचा रंग मात्र त्यात नोंदवला जात नाही. त्यामुळे मूळ चाकांना नवा रंग देणे आणि मूळ मापापेक्षा मोठी वा रुंद चाके बसवणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी ठरतात. दुसऱ्या प्रकारात टायर कायेबाहेर येणे, चाक वळताना घासणे, वेगमापक चुकीचा वेग दाखवणे आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यावर वाद होणे अशा अडचणी संभवतात. केवळ रूप बदलायचे असल्यास मूळ चाके रंगवणे हा अधिक सुरक्षित व कमी खर्चाचा मार्ग समजला जातो.

## देखभाल

चाके थंड असताना व सावलीत स्वच्छ केली जातात. धूळ आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडून मग ओल्या फडक्याने पुसल्यास ओरखडे कमी पडतात. ब्रेकची भुकटी दीर्घकाळ साचू दिल्यास लोखंडाचे कण लेपात रुततात. वर्षातून एक-दोनदा मेणाचा थर दिल्यास धूळ व क्षार कमी चिकटतात. मॅट लेपावर मात्र मेण किंवा पॉलिश वापरत नाहीत, कारण त्याने चकाकणारे डबके-डबके डाग दिसू लागतात. टवका उडालेली जागा लगेच रंगवून बंद केल्यास लेपाखालील गंज रोखता येतो. पावसाळ्यापूर्वी अशी पाहणी करणे उपयुक्त असते. रंग देताना वापरलेल्या छटेचा क्रमांक जपून ठेवल्यास पुढे एखादेच चाक रंगवावे लागले, तरी चारही चाके एकसारखी राखता येतात.

## हे सुद्धा पहा

* मोटारगाडी
* टायर
* डिस्क ब्रेक
* ॲल्युमिनिअम
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* लातूर जिल्हा
* नांदेड जिल्हा